तुळईने तोललेल्या शिळा

"माझी तुळई चुकली असेल, तर कुठे चुकली ते मला दाखवा. आणि चुकली नसेल, तर ते माझ्या सासऱ्यांना दाखवा."

दारातून आत आलेल्या तरुणीने नमस्कार करायच्याही आधी हे ऐकवले. मास्तर स्वागताला खुर्चीतून अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. ओळंबाबाई मात्र खूश झाल्या. अशिलाने पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर यावे, असे त्यांच्या धंद्यात क्वचितच घडे.

ओळंबाबाईंचे खरे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. पडलेल्या इमारती तपासून कोण खोटे बोलतो आहे ते विमा कंपनीला सांगण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. उंच, सडपातळ आणि सरळ उभ्या राहणाऱ्या या बाईंच्या पर्समध्ये भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा कायम असे, म्हणून गवंड्यांनी हे नाव ठेवले आणि ते चिकटले. आता त्या खाजगी चौकशा करीत. मास्तर त्यांचे शेजारी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली असल्यामुळे आपली नजर तयार आहे असा त्यांचा समज होता, आणि बाईंनी तो अजून मोडला नव्हता.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुळई कुठली?"

"आमच्याच घरातली. मी इंजिनीअर आहे. हे माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि तेही सासरी. म्हणजे चुकलं तर जन्मभर जेवताना ऐकायचं."

मास्तरांना हसू आले, पण मुलीचे डोळे रडून सुजलेले दिसल्यावर त्यांनी ते गिळले.

घर दुमजली होते. खाली सासऱ्यांचा शिळाछापखाना, वर राहायची जागा. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र काढायचे आणि त्या दगडावरून कागदावर छापायचे. खालच्या मजल्याच्या मधोमध एक जाड भिंत होती आणि तिच्यात एक लहानसे दार. पुढची खोली उजेडाची, मागची अंधारी. ते दार मोडून दहा फुटांचा गाळा करायचा आणि त्यात चार पाखी, म्हणजे चार फळ्यांचे घडीचे दार बसवायचे, असे ठरले. गाळ्यावरचे ओझे पेलणारी तुळई किती मोठी हवी, ते सुनेने ठरवले.

"कसं ठरवलंत?" बाईंनी विचारले.

"आधी वर काय आहे ते बघितलं. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर धरणारे लाकडी त्रिकोण, बाहेरच्या दोन भिंतींवर बसतात, म्हणजे छपराचा भार या भिंतीवर नाही. पण वरच्या मजल्याचे वासे दोन्ही बाजूंनी येऊन हिच्यावरच टेकतात. म्हणजे पुढच्या खोलीचा अर्धा मजला आणि मागच्या खोलीचा अर्धा मजला, त्यावरची माणसं, पलंग, कपाटं, एवढं सगळं ही भिंत उचलते. वर मधे नुसती फळ्यांची आडभिंत आहे, ती हलकी. हे ओझं धरलं, गाळ्याची लांबी धरली. मग तुळईची उंची काढली. रुंदी वाढवून फार फायदा नसतो, उंची वाढवली की तुळई खरी कणखर होते. सागवानी घेतली. दोन्ही टोकांना भिंतीवर चांगली वीतभर टेक दिली, नाहीतर टोकाखालची वीट चुरडते."

"आणि लाकडावर भरवसा ठेवलात?"

"नाही ठेवला. बसवायच्या आधी तीच तुळई अंगणात दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली, मोजून वाळूच्या गोण्या चढवल्या आणि किती वाकते ते बघितलं. सगळे हसले. दीर म्हणाले, वहिनी तुळईची परीक्षा घेतायत, आता प्रगतिपुस्तकही देतील."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांकडे असे पाहिले की मास्तरांना कळले, या मुलीचे काम घेतले गेले आहे.

"मग बिघडलं कुठे?"

"कुठेच नाही! खालचे टेकू काढले तेव्हा दार एका बोटाने उघडत होतं. सबंध पावसाळा उघडत होतं. मधे आम्ही नात्यातल्या एका लग्नाला गेलो. परत आलो तर घरात चोरी झालेली. त्या गोंधळात दाराकडे कुणी बघितलंच नाही. पोलीस येऊन गेले, मग दार उघडायला गेलो तर हलेना. पाखी वरून घासतात. गिलाव्याला भेग गेलीय. सासरे म्हणतात, तुळई बारीक पडली. उद्या सकाळी गवंडी येणार, गाळा विटांनी बुजवणार, आणि माझ्या परवान्याविरुद्ध तक्रार जाणार. ते वाईट नाहीत हो. डोक्यावर मजला कोसळेल म्हणून घाबरलेत. घरात एकट्या आत्या माझ्या बाजूने भांडतात. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण."

"चोरी कसली झाली?"

"ते वेगळंच प्रकरण आहे. छापाचे दगड गेले."

"वेगळं आहे की एकच, ते बघू या," म्हणत बाईंनी पर्स उचलली.

*

गल्ली नळाच्या पाइपासाठी मधोमध खणलेली होती. घरात जायला चरावर एक फळी टाकलेली. मास्तर तिच्यावरून दोन्ही हात पसरून गेले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी आपण मुद्दामच सावकाश आलो असे जाहीर केले.

"हे खोदकाम किती दिवसांचं?" बाईंनी विचारले.

"आम्ही लग्नाला निघालो त्याच्या आदल्या दिवशी सुरू झालं," सून म्हणाली. "सामानाच्या पेट्या डोक्यावर घेऊन निघालो होतो."

सासरे, म्हणजे छापखान्याचे मालक, दारातच उभे होते. जाडजूड, शाईने काळवंडलेल्या बोटांचे आणि सध्या फार वैतागलेले गृहस्थ.

"माझी सून हुशार आहे, मी नाही म्हणत नाही," ते लगेच म्हणाले. "पण कागदावरची हुशारी वेगळी. मला वर झोपायचं असतं."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणि चोरीला काय गेलं?"

"वीस शिळा. वडिलांच्या काळातल्या. साबणाची वेष्टनं, काडेपेट्या, कॅलेंडरं, सगळी चित्रं त्यांच्यावर. एकेक सत्तर-ऐंशी किलोची. आता असा दगड खाणीतून येत नाही. एक गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला कोऱ्या हव्या होत्या. आम्ही लग्नाहून आलो की वाळूने घासून, चित्रं काढून टाकून द्यायचं ठरलं होतं."

"चित्रं पुसून?"

"घासल्याशिवाय नवं चित्र काढता येत नाही, बाई. शिळाछापात पहिल्यापासून असंच चालत आलंय."

धाकटा मुलगा, म्हणजे सुनेचा दीर, मागून पुढे आला. दगड विकायची कल्पना त्याची होती आणि ती वाया गेल्याचा राग त्याच्या कपाळावर दिसत होता.

"हातगाडीवरून नेले असणार," तो म्हणाला. "मला विचाराल तर त्या पेलवानाला धरा. आमचा जुना छपाईवाला. शिळा उचलायची ताकद त्याच्याशिवाय कुणात आहे?"

"त्या दिवशी तो इथे होता?"

"सुटी दिली होती. घरी फक्त आत्या होती. तिचे गुडघे दुखतात, ती लग्नाला आली नाही. तिला काही आवाज आला नाही म्हणते."

बाई दारापाशी गेल्या. दहा फुटांचे ते चार पाखी दार खरोखर देखणे होते. मास्तरांनी एक पाख ओढून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी अंगाचा जोर लावला तसे दार कुरकुरले आणि मास्तर धापा टाकू लागले.

बाईंनी स्टूल मागवले. तुळईच्या दोन्ही टोकांशी भिंतीत एकेक बारीक खिळा होता.

"हे तुमचे?"

"हो. टेकू काढल्यावर दोन खिळ्यांमध्ये तार ताणून मधला वाक मोजला होता. पावसाळ्यानंतरही मोजला. तेवढाच होता."

"मग आज परत मोजा. आणि अंगणातल्या गोण्या आठवून मला एवढंच सांगा, की आजचा जास्तीचा वाक पडायला या तुळईवर किती जास्तीचं वजन यावं लागेल. कोणी काय म्हणतं, वर काय आहे, कशाचाही विचार करू नका. तुमची तुळई काय म्हणते तेवढंच सांगा."

सून तारेचे वेटोळे घेऊन कामाला लागली. बाईंनी तोवर तुळईची दोन टोके भिंगातून पाहिली. डाव्या टोकाखालचा गिलावा केसाएवढा तडकून किंचित फुगला होता. उजव्या टोकाखालचा गिलावा जसाच्या तसा गुळगुळीत होता. मास्तरांनी दोन्हीकडे पाहून मान डोलावली, कारण बाईंनी डोलावली होती.

*

पेलवान मागच्या खोलीत होता. वय झाले होते, पण खांदे अजून दारभर रुंद होते. उरलेल्या शिळा आतल्या भिंतीला लागून, घोडीवर पुस्तकांसारख्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. प्रत्येक दोहोंमध्ये कागद.

"आडव्या का नाही ठेवत?" मास्तरांनी विचारले.

"एकीवर एक ठेवली की तोंड घासतं, मास्तर. चित्र गेलं मग. शिळा उभीच ठेवायची."

"आणि बाहेरच्या भिंतीला एवढी जागा मोकळी आहे ती?"

"तिथे कधीच नाही. बाहेरची भिंत ओल धरते. ओल लागली की चित्र फुगतं. आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, शिळा आतल्या भिंतीला."

बाई छताकडे पाहत होत्या. तिथे झडप होती आणि तिच्याखाली साखळीची कप्पी.

"ही कशाला?"

"पूर्वी कागदाचे गठ्ठे वर माडीवर ठेवायचो. आता नाही वापरत."

बाईंनी साखळीवरून बोट फिरवले आणि रुमालाला पुसले. रुमालावर ताज्या तेलाचा डाग उमटला. पेलवानाने खाली पाहिले.

"शिळा तुम्ही चोरल्यात असं धाकटे मालक म्हणतात," बाई शांतपणे म्हणाल्या.

पेलवानाची मान ताठ झाली. "या घराच्या उंबऱ्याबाहेर माझ्या हाताने एकही शिळा गेलेली नाही. कशाचीही शपथ घ्यायला लावा."

"खरं बोलतोय हा," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. "माणूस ओळखतो मी."

"शब्दन् शब्द खरं बोलतोय," बाई म्हणाल्या.

*

वरची खोली आत्याबाईंची. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या आणि आनंदी डोळ्यांच्या आत्यांनी पाहुण्यांसाठी चहा आणि बिस्किटे तयारच ठेवली होती.

"तुम्ही त्या पोरीला सोडवा हो," त्या म्हणाल्या. "तिची चूक नाही. किती मन लावून केलंय तिने! भावाला मी शंभरदा सांगितलं, पण त्याने ऐकलंय कधी माझं? या खुर्च्या घ्या. तिकडे नको, गादी पातळ आहे."

तोपर्यंत मास्तर फळ्यांच्या आडभिंतीला लागून असलेल्या लांबलचक बैठकीवर बसलेसुद्धा होते. चादर जमिनीपर्यंत सोडलेली आणि वर रंगीत उशा, म्हणजे दिसायला ऐसपैस. बसल्यावर मात्र त्यांना दोनदा जागा बदलावी लागली. तरी बिस्किटे चांगली होती.

बाई खुर्चीत बसल्या आणि टिपण घेण्यासाठी पेन्सिल काढली. ती त्यांच्या हातून निसटली, फळ्यांच्या तक्तपोशीवर पडली आणि घरंगळत थेट मास्तरांच्या पायाशी, बैठकीच्या चादरीखाली जाऊन थांबली. मास्तरांनी वाकून ती काढून दिली.

भिंतीवर साबणाचे एक जुने वेष्टन चौकटीत लावले होते. फुलांचा वेल, आणि त्यात एक खार. मास्तर पाहतच राहिले.

"वा! अशी वळणं मी मुलांना जन्मभर शिकवली. एकालाही जमली नाहीत. कोणी काढलं?"

"वडिलांनी. खाली त्यांचंच नाव आहे ना," आत्या म्हणाल्या. मग चौकटीजवळ जाऊन त्यांनी बोटाने एक पान दाखवले. "सगळं उलटं काढायचं असतं दगडावर. डावीकडचं उजवीकडे. आणि चुकलं तर खोडता येत नाही, खरवडावं लागतं. या पानाने फार रडवलं होतं."

"शिळा घासणार होते, हे कळल्यावर वाईट वाटलं असेल," बाई म्हणाल्या.

"वाईट वाटून काय करायचं?" आत्या म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या. कप भरला तरी त्या ओततच राहिल्या आणि चहा बशीत सांडला.

जिना उतरताना मास्तरांनी कंबर चोळली. "सूत्र माझ्या लक्षात आलंय, बाई. दीर. विकायची घाई त्यालाच होती. त्याने गुपचूप दुसऱ्यालाच जास्त भावाने विकल्या, आणि चोरीचा कांगावा केला."

"कशावरून नेल्या?"

"हातगाडीवरून."

"चरावरच्या त्या फळीवरून? तुम्ही एकटे आलात तेव्हा ती कशी वाकली होती, आठवतंय ना?"

मास्तर पुढची पायरी जपून उतरले.

*

सून खाली वाट पाहत होती. तिचा चेहरा आधीपेक्षा जास्त पडला होता.

"बाई, माझा हिशोबच चुकतोय बहुतेक. तीनदा मोजलं. दर वेळी एकच उत्तर येतंय. मजल्यावर जवळजवळ दोन टन जास्तीचं वजन हवं, तेही बरंचसं डावीकडे. वर आत्यांच्या खोलीत दोन टन कुठून येणार? पलंग आहे, कपाट आहे आणि आत्या आहेत."

ओळंबाबाई हसल्या. मास्तरांनी त्यांना असे मनापासून हसताना फार कमी वेळा पाहिले होते.

"पोरी, तुझं उत्तर माझ्या अंदाजापेक्षा चांगलं आहे. सगळ्यांना बोलाव. आत्यांना सांभाळून खाली आण."

अडकलेल्या दारासमोर सगळे जमले. मालक हाताची घडी घालून, दीर भिंतीला टेकून, पेलवान कोपऱ्यात, आत्या स्टुलावर आणि सून तारेचे वेटोळे तसेच हातात धरून.

"आधी तुळईबद्दल," बाई म्हणाल्या. "लाकूड बारीक पडलं असतं, तर टेकू काढल्या काढल्या वाक दिसला असता आणि तो दिवसागणिक वाढत गेला असता. इथे तसं झालेलं नाही. तुमच्या सुनेने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सारखं. मग तुम्ही लग्नाला गेलात आणि तेवढ्यात तुळई एकदम वाकली. पावसाने लाकूड फुगलं म्हणावं, तर पावसाळाभर दार बोटावर उघडत होतं. म्हणजे तुळई बदललेली नाही, तिच्यावरचं ओझं बदललंय."

"कसलं ओझं?" मालक म्हणाले. "वर नवीन काही आणलेलं नाही."

"बाहेरून नाही आणलं, ते खरं. ओझं बरंचसं डावीकडे आहे हे तुळईच्या टोकांनी सांगितलं. डाव्या टेकीखालचा गिलावा चुरडलाय, उजवीकडे ओरखडासुद्धा नाही. आणि वरची तक्तपोशी आडभिंतीकडे उतरलीय. माझी पेन्सिल आपणहून तिकडे गेली."

"पडली होती ना ती?" मास्तर म्हणाले.

"मी पाडली होती, मास्तर."

दीर पुढे सरकला. "पण याचा चोरीशी काय संबंध?"

"त्याच दिवसांत याच घरातून दीड टन दगड नाहीसे होतात. गल्ली खणलेली, गाडी येत नाही, फळीवरून एक माणूस जेमतेम जातो. खाली दीड टन कमी झाले आणि वर दोन टन वाढले. शिळा घराबाहेर गेल्याच नाहीत. पेलवानांनी मला तेच सांगितलं, उंबऱ्याबाहेर एकही गेली नाही म्हणून. झडपेतून कप्पीने वर गेल्या. साखळीला तेल ताजं आहे."

पेलवानाने डोळे मिटून घेतले.

"आता ज्याने त्या वर ठेवल्या, तो जर बाहेरचा असता, तर त्याने काय केलं असतं? जागा दिसेल तिथे, पलंगाखाली, बाहेरच्या भिंतीशी, आडव्या टाकल्या असत्या. ओझं विखुरलं असतं आणि दार कदाचित अडकलंही नसतं. पण हे काम छापखान्यात वाढलेल्या माणसाचं. त्याने हाताला सवय होती तसंच केलं. शिळा उभ्या लावल्या, ओळीत, मधे कागद घालून, आणि आतल्या भिंतीला लागून. वरची आतली भिंत म्हणजे ती फळ्यांची आडभिंत, आणि तिच्या नेमकी खाली ही तुळई." बाई मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही आज चोरीच्या मालावर बसून चार बिस्किटं खाल्लीत."

मास्तरांचा हात आपोआप कमरेवर गेला.

मालक सावकाश आपल्या बहिणीकडे वळले. "अक्का?"

"चोरी म्हणू नकोस," आत्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण डळमळीत नव्हता. "तू लग्नाहून आलास की घासणार होतास. मला दुसरं काही सुचलं नाही. पेलवानाला मीच गळ घातली, त्याला बोलू नकोस."

"पण का? बाबांची चित्रं आम्हालाही प्यारी होती. निरुपाय होता, जागा अडत होती..."

"बाबांची नव्हेत," ओळंबाबाई मध्येच म्हणाल्या. "मला वाटतं, इथेच हिशोबातला शेवटचा तुकडा बसतो. वीस शिळांचे होतात साधारण दीड टन. तुमची सून म्हणते जवळजवळ दोन टन. तिला वाटलं, आपणच चुकलो. तिने तुळईची आधी परीक्षा घेतली नसती, तर मीही म्हटलं असतं की हिशोबात एवढं मागेपुढे चालायचंच. पण जिने लाकडाला गोण्या चढवून बोलतं केलंय, तिचं उत्तर एवढं चुकत नाही. म्हणजे वर वीसपेक्षा जास्त शिळा आहेत. कोणाच्याच मोजणीत नसलेल्या. आत्या, त्या पानाने वडिलांना रडवलं, की तुम्हाला?"

आत्यांनी पदराचे टोक दोनदा दुमडले.

"बाबांची नजर गेली होती," त्या म्हणाल्या. "छापखाना बंद पडला असता. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. ते सांगायचे, मी काढायची. नाव त्यांचंच घालायचं, गिऱ्हाईक मुलीच्या हाताचं काम घेणार नाही म्हणून. सगळी चित्रं माझी रे. वीसच्या वीस. आणि पाच मी माझ्यासाठी काढली होती. ती फुटक्या दगडांत लपवून ठेवली होती. तुला वाटतं ते दगड फेकून दिले."

मालक खाली बसले. स्टूल नव्हते, जमिनीवरच बसले.

आत्या सुनेकडे वळल्या. एवढा वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे आता भरून आले. "पोरी, तुझी तुळई मी वाकवली ग. दगड वर, दार खाली. दोन्हींचा संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या बाजूने भांडत होते आणि तुझ्याच कामावर दगड रचून बसले होते."

सुनेने तारेचे वेटोळे खाली ठेवले. मास्तरांना वाटले, आता ही रडेल नाहीतर भडकेल. दोन्हींचा तिला हक्क होता. पण ती आत्यांजवळ जाऊन उकिडवी बसली.

"मला आधी सांगायचंत ना, आत्या," ती म्हणाली. "तुळई दोन बोटं उंच घेतली असती."

*

शिळा त्याच दुपारी खाली आल्या. पेलवान वर, दीर कप्पीवर. दिराच्या तोंडाचा पट्टा आज बंद होता आणि साखळी ओढताना तो घामाघूम झाला होता. पहिली शिळा उतरल्यावर मालकांनी तिच्यावरचा कागद स्वतः बाजूला केला. सून तारेपाशी बसून मोजत होती. दर थोड्या शिळांनंतर ती हळूच म्हणे, "तुळई वर येतेय."

"एवढं ओझं अंगावर आलं," ओळंबाबाई मास्तरांना म्हणाल्या, "सगळं नेमक्या एका जागी. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही. तुळई वाकली, कुरकुरली, दार अडवून सांगितलंही. पण हात टेकले नाहीत तिने. पुष्कळ पडलेली घरं पाहिली मी, मास्तर. अशी मापून केलेली वस्तू पाहिली की बरं वाटतं."

मास्तरांनी बाईंकडे पाहिले. त्यांना तुळईबद्दल फारसे कळत नव्हते, पण बाईंचा आवाज असा मऊ झालेला त्यांनी ऐकला नव्हता.

शेवटी त्या पाच शिळा आल्या. कोपरे फुटलेल्या, जुन्या. मालक आरसा घेऊन आले, कारण शिळेवरचे सगळे उलटे असते. पहिल्या शिळेवर याच खोलीचे चित्र होते. डोळ्यांवर हात धरून बसलेले वडील, आणि त्यांच्या पायाशी रांगणारा एक लठ्ठ मुलगा. मालकांनी आरसा खालच्या कोपऱ्याशी नेला. तिथे बारीक अक्षरात नाव होते, आणि ते वडिलांचे नव्हते. ते त्यांनी मोठ्याने वाचले. मग परत एकदा वाचले.

"रांगणारा मी आहे का, अक्का?"

"तूच. स्थिर बसत नव्हतास मेल्या, तीनदा खरवडावं लागलं."

मालकांनी आरसा जपून खाली ठेवला. मग धाकट्या मुलाला म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला निरोप दे, दगड विकायचे नाहीत. आणि उद्याच्या गवंड्यालाही नको म्हणून सांग." मग ते सुनेकडे वळले. "या शिळा ठेवायला घडवंची लागेल. कुठे ठेवली की मजल्याला त्रास होणार नाही, ते तूच सांग. तू सांगशील तिथे ठेवू."

सुनेने तार गुंडाळली. "दार बघा आधी," ती म्हणाली.

कोणी पुढे झाले नाही. मग तीच आत्यांना हात धरून दारापाशी घेऊन आली. आत्यांनी एक बोट पाखीवर टेकवले आणि अगदी हलके ढकलले. दार आवाज न करता उघडत गेले, एकेक पाख करून, आणि पुढच्या खोलीतला सगळा उजेड मागच्या खोलीत ओळीने ठेवलेल्या शिळांवर पडला.